घट बसायच्या आधीच्या कामांची वाटणी

मी, रोहिणी तात्याबा मदने, वय २९, बी. ई. मेकॅनिकल, बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल अभियंता, राहणार लासुर्णे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर तो हे लिहू नये असा आहे आणि तो आईचा आहे.

कारण असे. माझे वडील, म्हणजे तात्या, यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालते. माझे एक मूत्रपिंड त्यांना जुळते. १८ सप्टेंबरला पुण्यात शस्त्रक्रिया ठरली आहे; आदल्या दिवशी दाखल व्हायचे आहे. ही तिसरी तारीख. आधीच्या दोन तात्यांनी मोडल्या. ही मोडू देऊ नका, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले.

तात्यांचे म्हणणे असे: "घट बसायच्या आधी घर धुवाया लागतं. वाकळा हायेत, टाकी हाय, दसऱ्याला गाडी पुजायची. समदं आवरू दे, मग बघू." खरे कारण हे नाही. खरे कारण ते एकदाच बोलले, गोठ्यात, माझ्याकडे न बघता: "तुला काय झालं, तर हितलं कोण बघणार?" या प्रश्नाला उत्तर नाही असे त्यांना वाटले. उत्तर खाली कलमवार दिले आहे.

वकील म्हणाले, मृत्युपत्राने वस्तू देता येतात, कामे देता येत नाहीत. म्हणून प्रत्येक काम मी एका वस्तूला बांधले आहे. ज्याला वस्तू हवी, त्याने काम घ्यावे. घर तात्यांच्या नावावर आहे, त्यामुळे घराबद्दल मला काही बोलता येत नाही. घराच्या जळमटांबद्दल बोलता येते.

कलम १. माझ्या नावावरची पांढरी गाडी आईला द्यावी. आईकडे पाच वर्षांपासून लायसन्स आहे, पण ती कालव्याच्या पुलापुढे गेलेली नाही, कारण तात्या शेजारी बसून तिच्याआधी ब्रेक दाबतात. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही. अटी: दर दसऱ्याआधी ब्रेक, टायरची हवा आणि बॅटरी तपासून घ्यावी. रेडिएटरमध्ये कूलंटच घालावे. गेल्या वर्षी तो उघडला तर आत पांढरा थर निघाला. तात्यांनी बोअरचे पाणी भरले होते. "तेच पाणी मी जल्मभर पितूय, मला काय झालंय?" असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांच्या हातात त्यांचाच रक्ताचा रिपोर्ट होता. मी पाना उचलला आणि काम चालू ठेवले.

इंजिनावर बोअरच्या मोटारीच्या पाइपाने पाणी मारू नये. मागल्या दसऱ्याला मारले, गाडी सुरूच झाली नाही, आणि तात्यांनी ती ट्रॅक्टरने ओढून पूजेला आणली. पूजा ट्रॅक्टरचीही होती, त्यामुळे त्यांच्या मते काहीच बिघडले नाही.

कलम २. माझी हत्यारांची पेटी भावजय सुप्रिया हिला द्यावी. या घरात वापरलेला पाना जागेवर परत ठेवणारी ती एकटी आहे. पंखे, नळांचे वायसर आणि गिझर तिने वर्षातून एकदा बघावेत.

कलम ३. ॲल्युमिनियमची शिडी धाकटा भाऊ, म्हणजे सुप्रियाचा नवरा, सार्थक याला द्यावी. तिला गच्चीवरची पाण्याची टाकी धुण्याचे काम बांधले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने टाकी धुतली म्हणून तिच्यावर खडूने तारीख लिहिली. मी आत उतरले तर दोन बोटे गाळ होता. "तारीख तर बराबर हाय ना, ताई?" असे तो वरून म्हणाला. तारीख बरोबर होती. यापुढे त्याने धुतल्यावर लिहावी, आणि सुप्रियाने आत डोकावून मग जेवायला वाढावे.

कलम ४. बँकेतली शिल्लक आणि प्रॉव्हिडंट फंड आईला. नामनिर्देशन तसेच आहे.

कलम ५. आजोबांनी मला दिलेली घोंगडी, जी ते मेंढरांमागे हिंडताना अंगावर घेत, ती तात्यांना द्यावी. ती धुऊ नये, उन्हात टाकून झटकावी. वाकळा कालव्यावर धुवाव्यात, पण तात्यांना ओले उचलू देऊ नये. डायलिसिसच्या हाताला वजन चालत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्यादेखत ओली वाकळ उचलली आणि म्हणाले, "बघ, काय झालंय मला?" मग वीस मिनिटे ओट्यावर बसून राहिले. ऊन खातोय म्हणाले. आभाळ भरलेले होते.

कलम ६. मी परत आले तरी तीन महिने मला जड उचलायचे नाही. तेव्हा कामांची ही वाटणी यंदा दोन्ही परिस्थितींत लागू राहील. भीती वाटते का, असे आईने विचारले. तो या दस्ताचा विषय नाही.

कलम ७. हे सर्व अमलात आणण्यासाठी व्यवस्थापक म्हणून मी तात्याबा म्हस्कू मदने यांना नेमत आहे. व्यवस्थापक माझ्या पश्चात हयात आणि हिंडताफिरता असावा लागतो. तसा तो कशाने राहील, हे डॉक्टरांनी त्यांना तीनदा समजावले आहे. पर्यायी व्यवस्थापक नेमावा असा वकिलांचा आग्रह होता. मी नेमलेला नाही.

हा मजकूर आज साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या कलमाला तात्यांनी मला थांबवले.

"दुसरं कुणीच न्हाय?"

"नाही."

"सार्थक?"

"तात्या, टाकी."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि शेवटचे कलम स्वतः वाचले. मग म्हणाले, "सतराला पहाटंच निघू. हडपसरला लई गर्दी असती."

हे त्यांचे शब्द त्यांच्या संमतीने इथे नोंदवले आहेत. सुप्रियालाही सही करायची होती. तिला या दस्तातून वस्तू मिळत असल्याने करू दिली नाही.

लिहून देणार: रोहिणी तात्याबा मदने (सही)

व्यवस्थापकपद मान्य: तात्याबा म्हस्कू मदने (सही)

साक्षीदार:
१. रेश्मा अजित देवकाते, शेजारी, लासुर्णे (सही)
२. संदेश गेणबा खरात, सहकारी, बारामती (सही)

ठिकाण: लासुर्णे
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार