जाता-येताचं भाडं

उस्मानपुरा, औरंगाबाद
रविवार, २१ जानेवारी २००७

चि. बद्रीनाथ यास,

आईचा पोटभर आशीर्वाद. सूनबाईला आन् माझ्या नातीलाबी. इकडं मी खुशाल हाये. गुडघा सोडला तर बाकी समदं जागच्या जागी हाये. संक्रांत झाली, तिळगूळ वाटला, तुझ्या वाटचा मीच खाल्ला.

फोन असताना चिठ्ठी काहून लिहिते म्हणशील. फोनवर तू बोलतो आन् मी व्हय व्हय करते. मी तोंड उघडलं की तू म्हणतो, "बरं आई, ठेवतो मग." चिठ्ठी ठेवून देता येत नाय. शेवटापस्तोर वाचावी लागती.

तर तिकिटाचं सांगते. तू म्हणलास, शिकागोची तिकिटं लई महाग झाली, औरंगपुऱ्यातल्या कय्युमभाईला स्वस्तातलं बघायला लावलंय, तू निस्ता पासपोर्ट नेऊन दे. मी पासपोर्ट दिला आन् तिथंच खुर्चीवर बसले. उठलेच नाय. त्यानं चहा मागवला, मी पेले. परत मागवला, परत पेले. मंग बिचाऱ्यानं कंप्युटर माझ्याकडं फिरवला. म्हणला, "मावशी, आपईच देखो."

बद्री, तो तर निस्ता भाजीबाजार हाये रे! सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. सरळ जाणारं विमान सगळ्यात महाग. मे महिन्यात लई महाग, तव्हा समद्या आज्या बाळंतपणं करायला निघत्यात. शनिवार-रविवारी महाग, मंगळवारी उतरतं. आन् मधी आखातात विमान बदलून दिवसभर बसायची तयारी ठेवली की एकदम स्वस्त. कय्युम म्हणला, "मावशी, दिन भर बैठना पडता, थक जाते तुम." मी म्हणलं, "अरे, मी मनमाडला बसलेली बाई हाये."

आठवतं का तुला मनमाड? तव्हा छोटी लाईन व्हती. इथून मनमाडपस्तोर जायचं आन् मुंबईच्या मोठ्या गाडीसाठी फलाटावर पथारी टाकायची. तुझे अण्णा ट्रंकेवर बसून पेपर वाचायचे, मी दशम्या सोडायची. तू सात वर्षांचा घोडा, पण तुझं तिकीट नसायचं. अण्णा टीसीला म्हणले, "अजून पाच पुरे नाय झाले." तू ताडकन उभा राहिला. "मी दुसरीत हाये!" वर पुरावा म्हणून पाढा सुरू केला, बे एके बे. टीसी हसून हसून लाल झाला. म्हणला, "तीनचा येतो का?" तू तोबी म्हणला. अण्णांनी मुकाट हाफ तिकीट फाडून घेतलं आन् मुंबईपस्तोर तुझ्याशी बोलले नाय. रात्री मातर तूच त्यांच्या मांडीवर झोपला व्हता.

त्यो फलाट मला लई आवडायचा. कुठं जायची घाई नाय, कुणी हाका मारत नाय, आन् तुम्ही दोघं माझ्या नजरंसमोर. म्हणून मी कय्युमला म्हणलं, थांबा असलेलंच दे.

तर त्यानं तिकीट काढायला घेतलं आन् मधीच थांबला. म्हणला, "मावशी, एक बात बोलूं? भाईने एक तरफ का बोले. वापसी नको बोले. पन एक तरफ का महंगा पड रा. आना-जाना सस्ता है." मंग माझ्याकडं बघून हळूच म्हणला, "आप जाते सो जाते, फिर आते नै क्या?"

मी हसले. म्हणलं, "तुझ्या भाईला हिशेब कधी आला?" चहा घेतला. तिसरा.

तू फोनवर मला म्हणला व्हतास, तीन महिने राहून जा. कायमचं राहायचे कागद भरले तव्हा म्हणला, निस्ती सोय म्हणून असू दे. पण बद्री, मी गावच्या साळंत चौथीपस्तोर शिकलेली असले तरी माझ्या पोरानं चोरून ठेवलेलं मला घरात पाऊल टाकायच्या आधी कळतं.

आन् आता चिडू नको. तू पाठवलेलं घराचं गिऱ्हाईक येऊन गेलं. सफारीतला माणूस, सोबत जाडी बायको. मला म्हणले, "सहज बघायला आलो." मी म्हणलं, बघा की. मोरी दाखवली, माळवद दाखवलं, अण्णांनी लावलेला सीताफळ दाखवला. शेवटी त्या बाईच्या कानात म्हणलं, "चारच्या ठोक्याला चहा ठेवत जा बरं का. आमच्या मालकांना लागतो. नाय मिळाला तर भांडी पाडत्यात." ती बाई म्हणली, "कुठं हायेत मालक?" मी भिंतीवरच्या हाराच्या फोटूकडं बोट केलं. बद्री, तिनं चप्पलबी नीट घातली नाय! शेजारची साळूबाई कवाडाआडून बघत व्हती, ती अजून हसती.

हसून झालं. आता खरं सांगते.

मला विमानाचं भेव नाय. तुझ्या घरी करमायचं नाय, याचंबी नाय. भेव उलटं हाये. तुझी पोरगी गळ्यात पडंन, सूनबाई गोड बोलंन, मला तिथं करमंन. आन् एक दिवस मला आठवायचंच नाय की सीताफळाला पाणी कोण घालतंय.

रझाकाराच्या वर्षाचं मी तुला कधी नीट सांगितलं नाय. आमचं गाव गोदागंगेच्या काठाला, निजामात. पल्याड नगर जिल्हा, तिथं निजामाचं राज नव्हतं. मी सात वर्षांची. आई म्हणली, चार दिवस मामाकडं जाऊन येऊ. नाव नूरमोहम्मद नावाड्याची व्हती. उतरल्यावर आईनं जायचं आन् यायचं दोन्ही भाडं त्याच्या हातावर ठेवलं. तो म्हणला, "यायचं आत्ता नको वैनी, येतानी द्या." आई म्हणली, "घे. घेतलं म्हणजे तुला न्यायला यावं लागंन."

चार दिवसांचा पावसाळा झाला. आई रोज काठावर जाऊन बसायची. पल्याड आमच्या दारातला लिंब दिसायचा. घर दिसतंय आन् जाता येत नाय. मला म्हणायची, "आपलं भाडं दिलेलं हाये गं."

मंग पोलीस ॲक्शन झाली. निजाम गेला. आता नूरमोहम्मदच्याच माणसांवर जीव मुठीत धरायची पाळी आली व्हती, मामा म्हणला, तो कसला येतोय. पण पूर उतरला आन् एक दिवस नाव दिसली. आई गुडघाभर पाण्यात गेली. तो लई वाळला व्हता. म्हणला, "वैनी, तुमचं भाडं माझ्याकडं हाये."

म्हणून मी कय्युमला म्हणलं, आना-जाना फाड. तुझे पैसे तसेच ठेवले, अण्णांच्या पेन्शनीतून दिलेत. मार्चच्या पहिल्या मंगळवारी येते. तीन महिने तू म्हणलास, तीनच महिने राहते. रोज तुझ्या खोड्या काढीन, नातीला पाढे शिकवीन, टीसीपुढं कधी म्हणायचे नाय तेबी शिकवीन. आखाडाच्या आत माघारी.

तू वाईट वाटून घेऊ नको. परतीचं तिकीट कनवटीला असलं तरच मला तुझ्याकडं मोकळं बसता येईन. एकटी पडंन, दुखलं-खुपलं तर कोण, हे तू रातचं जागून इचार करतो, मला ठावं हाये. ते दिवस आले की मीच तुला फोन करीन, तव्हा तू न्यायला ये. पण ते मी म्हणीन तव्हा.

घराची किल्ली साळूबाईला देणार व्हते. नाय दिली. पितळंची जड हाये, कय्युम म्हणतो तपासणीच्या दारात वाजंन. वाजू दे. गोऱ्यानं इचारलं तर काढून दाखवीन.

इमानतळावर लवकर ये. आन् मला बघून रडू नको, मी आधी रडणार हाये.

जाता-येताचं भाडं आधीच भरलेली,
तुझी आई
दगडाबाई