आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न

मी, एका पुढाऱ्याची बायको, वय एकसष्ट, शरीराने आजारी पण डोकं ठिकाणावर असलेली (या घरात ते काम माझ्याचकडे आहे), कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

कलम एक. राहतं घर वडिलांनी माझ्या नावावर केलेलं आहे, ते मुलीला द्यावं. बाहेरच्या खोलीची एक भिंत वृत्तवाहिनीने स्वखर्चाने निळी केली आहे, ती आधी पांढरी करून घ्यावी. त्या भिंतीपुढे बसून आमचे हे रोज संध्याकाळी निवेदकाशी भांडतात. निवेदकाला मी किंचाळे म्हणते. एकमेकांना गद्दार, विकाऊ म्हणून झालं, दिवे विझले, की लगेच किंचाळेंचा फोन येतो.

"साहेब, आज काय रंगलं! उद्या माफी मागा, परवा ती मागे घ्या. आठवडा निघेल."

"आणि उपोषण?"

"ते शनिवारी. शनिवारी आमच्याकडे काहीच नसतं."

अहो रूपम्, अहो ध्वनिः! फक्त शिव्यांमधून.

कलम दोन. लांब दांड्याची पळीही मुलीलाच. तोंडासमोर माइकसारखं काही धरल्याशिवाय हे बोलत नाहीत. तिच्या लग्नाचं विचारायचं होतं तेव्हा मी पळी पुढे केली. "लग्नाबाबत आपली भूमिका काय?" हे ताठ बसले. "बघा ताई, या घटनेचा मी तीव्र निषेध करतो." मला ताई म्हणाले! मी तो होकार धरला आणि लग्न लावून दिलं.

कलम तीन. दागिने धाकट्या बहिणीला. शेवटचे दिवस मी तिच्याकडे काढणार आहे. तिचा नवा पत्ता डॉक्टरांखेरीज कोणाला ठाऊक नाही. किंचाळेंना माझी घशाच्या गोळ्यांची डबी द्यावी.

कलम चार. दुखणं बरं होणारं नाही हे कळलं तेव्हा मी ह्यांना आत बोलावून सांगितलं. हे माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, आता हात धरतील. मग म्हणाले, "रविवारपर्यंत कोणाला सांगू नकोस. वाहिनीवाल्यांना विचारतो, कधी जाहीर करायचं ते." फार लागलं मला ते.

कलम पाच. म्हणून मी गेल्यावर डॉक्टरांनी ह्यांना फोन करून एवढंच सांगावं, की बाई गेल्या. पुढे बोलू नये, ऐकावं. "कोणाकोणाला कळलंय?" असं विचारलं तर फोन ठेवावा आणि ह्यांच्याशिवाय सगळं उरकून घ्यावं. "कुठे आहे ती?" असं विचारलं तर पत्ता सांगावा आणि कितीही उशीर झाला तरी थांबावं. ह्यांना माझ्याजवळ एकटं बसू द्यावं, दार लोटून घ्यावं. रडले तर कोणी बघू नये. कोणी बघत नसताना हे कधी रडलेले नाहीत. जमायला वेळ लागेल.

साक्षीदार: शेजारच्या शिवणकामवाल्या बाई; ह्यांचे कपडे नेणारे इस्त्रीवाले.
शुद्धीवर असल्याचा दाखला: डॉक्टर.
सही: घरधनीण.
ठिकाण: स्वयंपाकघर, बाहेर चर्चा चालू असल्यामुळे.
दिनांक: ह्यांनी तिसरा राजीनामा मागे घेतला तो दिवस.