चाल देवळातली, शब्द बोटीचे

पेझ्ली, मंगळवार

पूज्य आणि प्रिय टॉर्मोडदादा (दोन्ही एकदम होणं अवघड, पण तू जमवलंयस),

तुला, पेगीवहिनीला आणि तुझ्या मेंढ्यांना माझा नमस्कार पोचावा. गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला? यंदा दलदलीतलं पीट कापून वाळलं का, की पावसाने जळणाचा पुन्हा चिखल केला? ही सगळी चौकशी मनापासून आहे. पुढचं वाचून गुडघा ठणकायला लागला, तर मात्र माझा इलाज नाही.

तुझं पत्र मिळालं. ‘पोरगी तुझ्याकडे राहते, औषधशास्त्र शिकायला आली आहे, ती गुत्त्यांत गिटार बडवते हे मला देवळाच्या दारात परक्यांकडून कळतं, तिला ताळ्यावर आण नाहीतर पुढच्या बोटीने घरी धाड’, एवढं लांब वाक्य तू जन्मात पहिल्यांदाच लिहिलं असशील. उत्तर लिहायला मी केव्हापासून बसतेय आणि उठतेय. स्वयंपाकघरात बसलं की किटली हाक मारते, खिडकीशी बसलं की रस्ता. बूड म्हणून कुठे टेकत नाही. हे आत्ता लिहितेय ते एका व्हॅनच्या पुढच्या सीटवर, मांडीवर वही धरून. (व्हॅन कोणाची, ते येईलच. दम धर. तुला कधी धरवला नाही, तरी धर.)

तुझी आज्ञा मी लगेच पाळायला निघाले होते, हे आधी नमूद करते. तुझ्या उनाचा कार्यक्रम इथल्याच एका पबच्या तळघरात होता. मी देवळातला कोट चढवला, रस्ताभर भाषण घोकलं आणि जिना उतरले. दारावरच्या धटिंगणाने माझ्या मनगटावर शिक्का मारला, तू मेंढ्यांना मारतोस तसाच, आणि वर विचारतो, “आजी, वयाचा पुरावा?” मी म्हटलं, “तुझ्या पँटपेक्षा मी जुनी आहे बाळा, आणि भोकंही कमी आहेत.” त्याने मला फुकट आत सोडलं.

आत श्रोते म्हणजे काय, तर पुढच्या पाळीची वाट बघणारा दुसरा बँड, कोणाची तरी मैत्रीण, आणि नळ दुरुस्त करायला आलेला व आवडलं म्हणून थांबलेला एक गृहस्थ. उनाच्या बँडचं नाव ‘ओली मेंढरं’. (तुझ्या मेंढ्यांना विचारलं नव्हतं, त्याबद्दल तिच्या वतीने माफी.) पहिली गाणी ऐकताना वाटलं, वादळात गोठ्याचा पत्रा निघालाय. ढोल बडवणारा डूगल म्हणजे तर नुसते केस आणि कोपर. मी भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर घेऊन पुढे सरकले.

तेवढ्यात तिने गिटार खाली ठेवली, डोळे मिटले आणि एकटीने ओळ टाकली.

दादा, तो तुझा आवाज होता. रविवारी देवळात तू उभा राहून ओळ टाकतोस आणि मागून सगळे ती उचलतात, लांबवतात, एकेक जण आपापल्या वळणाने, भरतीचं पाणी खडकांत शिरावं तशी, अगदी तीच चाल. देवाचे शब्द नव्हते हो, एवढी अक्कल पोरीला आहे. शब्द आपल्या गेलिक भाषेतलेच, पण बोटीचे. वारा आहे, बोट नाही. धक्क्यावर मी उभी आहे, पलीकडे आजीला नेताहेत, आणि बोट नाही.

आईच्या मातीला उना का पोचली नाही, हे आपल्याला ठाऊकच होतं. वादळात आपल्या बेटाकडची बोट रद्द झाली, ती उल्लापूलच्या धक्क्यावर अडकली. पण ठाऊक असणं वेगळं. ती दिवसभर तिथे कशी उभी राहिली, हे तू तिला कधी विचारलं नाहीस. (मीही नाही. मी तिला सूप दिलं.) माझं भाषण तिथेच विरघळलं. नळवाला नाक शिंकरत होता. मीही शिंकरलं.

नंतर घरी मी तिला म्हटलं, निदान बाबांना दोन ओळी लिही. तर म्हणाली, “आत्या, बाबांनी ओळ टाकली की अख्खं देऊळ उचलतं. मी टाकली की मी गुत्त्यातली.” मी धुतलेले कप पुन्हा धुतले.

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर हिंडते. नुसती नजर ठेवायला, गैरसमज नको. ही व्हॅन डूगलच्या काकाची, मासे वाहायची. अजून वास येतो, पण आपण नेस गावची माणसं, आपल्याला उलट घरच्यासारखं वाटतं. फॉल्कर्कला डंडीच्या बँडमधल्या पोरांनी आमचा स्पीकर आपला समजून नेला, तो मी त्यांच्याच गाडीतून उतरवून आणला. ॲबरडीनला दुसऱ्या बँडच्या गायिकेचा घसा बसला, तिला मध-पाणी पाजलं. सगळ्या देशभर ही पोरं अशी तळघरातून तळघरात धावताहेत दादा, ओले बूट, थंड पाय, आणि प्रत्येकाला वाटतं पुढच्या जिन्याखाली आपलं नशीब बसलंय. देवळाच्या विक्रीला विणकामाची टेबलं मांडायचे, तशी आता बँडच्या टी-शर्टची मांडते.

मग पर्थजवळच्या शेतातला तो जलसा. मोठ्या रंगमंचावर मोठी नावं, आणि आमच्यासारख्या होतकरूंना कोपऱ्यात एक तंबू. भर दुपारी असा पाऊस कोसळला की लोक मिळेल तिथे घुसले. आमचा तंबू गच्च भरला. पोरं हरखली. उनाने पहिला सूर छेडला आणि जनरेटर मेला. तंत्रज्ञ त्याला लाथा घालत होता. डूगल माझ्याकडे बघून म्हणाला, “आत्या, वीज गेली. संपलं.” लोक उठायला लागले.

उना म्हणाली, “देवळात कुठे वीज लागते?” आणि तिने ओळ टाकली.

पोरांनी उचलली, पण आवाज कसे, भिजल्या काडीसारखे. पेटेचनात. ती एकटी उघडी पडली होती, तंबूभर लोकांसमोर, पुन्हा धक्क्यावर उभी असल्यासारखी. मला राहवेना. मी टी-शर्टच्या टेबलामागून, वडिलांनी शिकवलेल्या छातीने, ओळ उचलली. शेजारी चिप्स खाणारा एक दाढीवाला दचकला, मग तोही गायला लागला. गेलिकचं अक्षर त्याला कळत नव्हतं, सगळं चुकीचं गात होता, पण जीव तोडून. मग त्याची बायको. मग प्लास्टिकच्या टोप्या घातलेली ती सगळी ओली माणसं. पाऊस ऐकू येईनासा झाला. उनाने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही, ते माझ्याकडेच राहू दे.

पावसापासून पळून आत शिरलेल्यांत ग्लासगोच्या एका मोठ्या सभागृहाची बाई होती. आता तिथे मुख्य बँडच्या आधी ‘ओली मेंढरं’ गाणार. कॉलेजात पोरीचं नाव अजून आहे. बाकी सगळी ती व्हॅनमध्ये आहे. मी काय करू? ताळ्यावर आणायला गेले आणि तालात सापडले. डूगल आत्ता मागून ओरडला, “आत्या, जरा स्वस्थ बस की, तुझ्यामुळे व्हॅन हलतेय.”

वहिनीला जपायला सांग. तूही जप.

तुझी धाकटी,
चिर्स्टी

ता. क. सोबत टी-शर्ट पाठवतेय. तुझ्याच मापाचा आहे. स्वेटरच्या आत घातलास तर देवळातल्या मंडळींना दिसणार नाही.

ता. क. आणखी एक, खरं तर हेच काम होतं. त्या चालीत शेवटून दुसरी ओळ वर चढते की खाली उतरते, यावरून उनाचं आणि माझं जुंपलंय. ती म्हणते, बाबा वर घेतात. मी म्हणते, खाली. निकाल तूच देऊ शकतोस. फोन कर आणि गाऊन दाखव. फोन उना उचलेल, मी मुद्दाम उचलणार नाही. गाऊन झालं की लगेच ठेवू नकोस. तो उल्लापूलचा धक्का कसा होता, विचार.

ता. क. फोन शनिवारच्या आत कर. रविवारी तू देवळाबाहेर गायचा नाहीस. आणि त्या दिवशी ग्लासगोला आम्हीही (हो, मीसुद्धा, उजवीकडचा माइक माझा) मोकळ्या नसणार.