सुलोचना घरी आली

काजल बेटा,

जय भीम. तू रोज फोनवर आईचं विचारतेस आणि मी "बरी आहे" म्हणतो. आज खरं लिहितो आहे, पण पाठवणार नाही. तू तान्हं लेकरू घेऊन या कोरोनात धावत येशील.

तिला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केलं, तेव्हा मला दारातच थांबवलं. तोवर ती सगळं विसरली होती, अगदी तुझं नावसुद्धा. मला मात्र ओळखायची, माझ्याच हातून जेवायची. मी नर्सबाईंना तेवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, आत सगळ्याइचेच चेहरे झाकले आहेत. तिले काय समजन?"

कोरोनातून बरी होऊन ती सेलूला घरी आली. मी मास्क काढून समोर उभा राहिलो. तिने पदर ओढून हात जोडले.

"दादा, मले घरी सोडून द्या. आमचे हे उपाशी बसले असतीन."

"सुलोचना, मीच आहो ना, हरिदास."

"त्यायचं नाव नका घेऊ," म्हणत ती रडायला लागली.

काल मी मागच्या दाराने बाहेर गेलो आणि एसटीच्या ड्यूटीवरून यायचो तसा तिला हाक मारत पुढच्या दाराने आत आलो. ती लगबगीने उठली. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि पुन्हा खाली बसली.

"दादा, ते भेटले तर सांगजा," ती म्हणाली, "मी वाट पाहून पाहून थकली."

मी "सांगतो" म्हणालो.

तुझे बाबा