वरच्या खणातली कवळी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कवळ्या बनवणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), तोंडात स्वतःचे दात सव्वीस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हे डॉक्टर दातांचे असल्यामुळे वकिलांनी दुसरा दाखला मागितला, तोही जोडला आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची कामाची खोली, तसेच बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. कामाच्या खोलीत फरशीवर प्लास्टरचे पांढरे डाग आहेत, ते निघत नाहीत. तिच्या आईने तीस वर्षे घासून पाहिले आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे मेणाचे चाकू, स्पिरिटचा दिवा, कानशी आणि जबडा मिटतो कसा हे बघायचे पितळी यंत्र, दातांच्या कॉलेजला द्यावीत. लहान कानशीची मूठ माझ्या अंगठ्याच्या मापाने झिजली आहे. कोणी तक्रार केल्यास अंगठा बदलावा.

३. माझ्या धाकट्या भावाचे याच रस्त्यावर गोळ्या-बिस्किटांचे दुकान आहे. त्याच्याच जबड्याचा प्लास्टरचा साचा त्याला परत द्यावा. त्यात चार दात आहेत, बाकीचे त्याच्या बरणीने खाल्ले. "दादा, मी पेरतो, तू कापतोस," असे तो चारचौघांत म्हणे आणि माझ्या मुलीच्या गालात गोळी सारे. ती दोन-दोन तास गोळी गालात धरून हिंडे. गोड किती खाल्ले यापेक्षा ते तोंडात किती वेळ राहिले याने दात किडतात, हे मी त्याला शंभरदा सांगितले. त्याच्यावर माझा वीस वर्षे दात होता. तो मी आता सोडला आहे, कारण पुढच्या कलमातला दोष त्याचा नाही.

४. हे कलम मालमत्तेचे नाही म्हणून वकील गाळायला सांगत होते. मी ठेवले आहे.

माझी बायको शिवणकाम करी. दोरा दातांनी तोडी, झाकणे दातांनी उघडी, मशीनशेजारी साखरेच्या चहाचा पेला ठेवून दिवसभर घोट घोट पिई आणि रात्री दमून तशीच झोपे. मी गावभर लोकांच्या तोंडात दात बसवत होतो, घरच्या तोंडात एकदाही नीट पाहिले नाही. दाढ ठणकली की ती लवंग धरी आणि म्हणे, "अहो, जरा बघता का?" मी म्हणे, "रविवारी." असे रविवार पुष्कळ आले आणि गेले. शेवटी डॉक्टरांनी पाहिले तेव्हा वरचा एकही दात ठेवण्याजोगा नव्हता.

मग मी आयुष्यातली सर्वांत देखणी कवळी केली. सरळ, एकसारखी, शुभ्र. ती घालून तिने आरशात पाहिले आणि विचारले, "छान आहेत. कुणाचे आहेत?" त्यानंतर ती हसताना तोंडावर हात धरू लागली. मुलगी मला म्हणाली, "बाबा, सगळ्यांची तोंडं बघितलीत, आईचं तेवढं राहिलं. आता माझ्या तोंडात बघायचं नाही." यात खोटे काही नव्हते, म्हणूनच ते फार लागले.

दुसरी कवळी मी जुन्या फोटोवरून केली. डावीकडचा दात शेजारच्यावर किंचित चढलेला, मधल्या दाताच्या कडेला दोऱ्याने पडलेली बारीक खाच. बायकोने ती घातली, सवयीने खाचेत दोरा धरून हिसका दिला, तर कवळीच हातात आली. आम्ही दोघे इतके हसलो की शेजारच्यांनी भिंत ठोकली. नंतर तिने तोंडावर हात धरला नाही. तिला जाऊन चार वर्षे झाली. ती कवळी माझ्या टेबलाच्या वरच्या खणात निळ्या डबीत आहे. ती मुलीला द्यावी.

५. मुलगीही शिवणकाम करते. आईचे मशीन तिचे. त्याला मी एक कात्री दोरीने बांधून ठेवली आहे. ती दोरी सोडू नये, आणि दोरा कात्रीनेच कापावा.

६. ती वर्षातून दोनदा येते, चहा पिते आणि बसच्या वेळेला निघते. गेल्या महिन्यात ती बिस्कीट फक्त डाव्या बाजूने चावत होती, चहा निववून पीत होती. मधल्या दातावर आईसारखीच खाच पडू लागली आहे. मी पाहिले आणि गप्प बसलो, कारण मला मनाई आहे. म्हणून इथे अट घातली होती की डॉक्टरांना दात दाखवल्याशिवाय घर मिळू नये. वकील म्हणाले, "काका, असल्या अटीवर न्यायाधीश हसतील." मी म्हटले, "हसू देत, तेवढेच त्यांचे दात बघायला मिळतील." पण अट खोडली आहे. घर तिचे, तोंडही तिचे.

अटीऐवजी एवढेच लिहितो. गोड चहा एका बैठकीत संपवावा, वर पाणी प्यावे. लिंबूपाण्यानंतर अर्धा तास ब्रश करू नये. ब्रश मऊ घ्यावा, दात म्हणजे करपलेले पातेले नव्हे. झोपण्यापूर्वीचा ब्रश चुकवू नये. आणि दुखण्याची वाट पाहू नये, दुखणे नेहमी उशिराच कळवते. हे मी गिऱ्हाइकांना फुकट सांगितले, घरात सांगायचे राहिले. त्याचे मला फार वाईट वाटते.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे वकील सांगतात. माझी तब्येत ठणठणीत आहे, तोवर मुलीची दाढ थांबणार नाही. सबब याची एक प्रत आजच टपालाने मुलीला पाठवत आहे.

ठिकाण: राहते घर, कामाची खोली. मंगळवार, तीन मार्च.
(सही) कवळीवाले
साक्षीदार: (सही) दातांचे डॉक्टर, (सही) वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई

पुरवणी. काल सकाळच्या बसने मुलगी आली. प्रत टेबलावर आपटून म्हणाली, "हे मेल्यावर वाचायचं असतं. जिवंतपणी कोण पाठवतं असं?" मग तिने वरचा खण उघडला, डबीतली कवळी बराच वेळ हातात धरली आणि खाचेवरून नख फिरवले. नंतर खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. "बघा, बाबा," म्हणाली आणि तोंड उघडले. काल मंगळवार होता. मी रविवारची वाट पाहिली नाही.

उजवीकडची खालची, मागून दुसरी. संध्याकाळी डॉक्टरांनी पाहिली. वाचेल म्हणतात.

कलम ४ मधली कवळी मुलगी सोबत घेऊन गेली आहे. सबब ती माझ्या मालमत्तेतून वगळावी. बाकी सर्व कलमे कायम.

ठिकाण: तेच. बुधवार, अकरा मार्च.
(सही) कवळीवाले
साक्षीदार: वरीलप्रमाणे