पेटी खरी की मिस्त्री

३-१०-८३, सोम.
पंपाच्या बारा बॉडी परत. बाराच्या बारा. पंपवाल्यानं खडूच्या फुल्या मारून शेडच्या दारात टाकल्या. दोन भोकांमधलं अंतर १२५ मिलिमीटर पाहिजे, १२७ भरतंय. आणि दस्तगीर मिस्त्री म्हणतात, पेटीत १२५च दिसत होतं. दिसत होतं म्हणे! भोकं मारायच्या बोरिंग मशीनला ही आकड्यांची पेटी बसवल्यापासनं त्यांच्या पोटात दुखतंय. वीस वर्षं हँडलचे फेरे मनात मोजून काम केलं, आता पेटी मोजती. मुद्दाम करतात. माझी चौथीच झाली, पण एवढं कळतंय.

४, मंगळ.
तोंडावर विचारलं. डोळं गेलं का मन न्हाय कामात?
म्हणाले, "वैनी, हात माझा हाय, आकडा तुमचा हाय."
सगळ्यांदेखत. घरी बसा म्हटलं. डबा उचलला, सायकल काढली, गेले. हे असते तर मला बोलले असते. पण हे न्हाईत, शेड मला चालवायची हाय.

६, गुरु.
शेजारच्या शेडातला मिस्त्री मागून आणला. एक बॉडी मारली. १२७. ह्याला तर पेटी लई आवडली. मग?
दस्तगीरनी जाताना काय फिरवून ठेवलं असंल...

७, शुक्र.
स्वतः हँडल धरलं. भंगारातल्या लोखंडी पट्टीवर खुणा मारल्या, व्हर्नियरनं मोजल्या. पेटी २५ म्हणती तिथं २५.४. पन्नासला ५०.८. १२५ला १२७. जेवढं लांब जावं तेवढी चूक वाढती, आणि बरोबर मापात वाढती. माणसाच्या हाताला असली शिस्त नसती.
पेटीवाल्याला पुण्याला ट्रंककॉल.

१०, सोम.
पेटी बसवून गेलेला फिटर आला. इस्त्रीचा शर्ट, कुठं टेकायला तयार न्हाय. स्क्रूचा एक फेरा झाला की टेबल किती सरकतं, तो आकडा पेटीत भरायचा असतो. पेटी नुसते फेरे मोजती, बाकी गुणाकार. ह्यानं ६.२५ भरलेला. पाहिजे ६.३५. कुणी सांगितला? वही काढून दाखवली. "बाई, तुम्हीच."
आठवलं. मशीन जुनं, विलायती, इंचाचं. फेऱ्याला दोन सूत, पाव इंच. आणि दोन सूत म्हंजे सव्वासहा मिलिमीटर, सुतार म्हणतो, लोहार म्हणतो, मीपण म्हटलं. पण पावणं, तुम्ही शिकलेले की. एकदा मोजून बघायला काय झालतं?
त्यानं आकडा बदलला. १२५ला १२५ आलं.

११, मंगळ.
पेटी बसवली त्या दिवशी मिस्त्री माझ्या शेजारीच उभे होते. मी सव्वासहा म्हटल्यावर तोंड उघडलं होतं त्यांनी. मध्ये बोलू नका म्हटलं मी.
वीस वर्षं फेरे मोजणाऱ्याला खरं माप ठाऊक नसंल? ठाऊक असून बारा बॉडी मारल्या? का मालकिणीचा शब्द म्हणून...
चूक माझी. ती कबूल करीन. पण हे कळलं पाहिजे.

१२, बुध.
गेलते त्यांच्या घरी. भाभींनी चहा दिला. मिस्त्री ओट्यावर सुपारी कातरत. चूक माझी, म्हटलं. मग विचारलं, ठाऊक होतं का?
"त्या दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं, वैनी."
हे काय उत्तर झालं? व्हय पण न्हाय, न्हाय पण न्हाय. चहा तसाच ठेवून उठले.
शनिवारी खंडेनवमी. मशीनपुढं नारळ दरसाल तेच फोडतात, दुसऱ्याला मी हात लावू देणार न्हाय. दारातनं सांगून आले: शुक्रवारी शेड बंद व्हायच्या आत या. ठाऊक होतं का न्हवतं, एका शब्दात सांगा. आणि कामावर येणार का न्हाय, तेबी.