मामांचा तांब्या

१० फेब्रुवारी

जव्हारला सुखरूप पोचलो. त्र्यंबक सोडल्यापासून गाडी लागेल या धास्तीने लिंबू हुंगत होतो. मोखाड्यापर्यंत काहीच झालं नाही आणि पुढे झोप लागली. स्टँडवर हर्षदा उभी होती. तिने आधी माझी पिशवी घेतली, मग भाता घेतला, मग ऐरण उचलायला गेली आणि हसत सुटली. म्हणाली, मामा, अख्खं दुकान उचलून आणलंत. मी म्हटलं, तांबटाचं दुकान कुठे राहिलं आता, नाशिकची खोलीसुद्धा मालकाला परत दिली. ती म्हणाली, बरं केलंत, आता इथेच राहायचं.

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की बीपीची गोळी घेतली की वहीत लिहायचं, म्हणजे विसरून दोनदा घेतली जाणार नाही. गोळी घेतली. माझी शाळा सातवीत सुटली, पण अक्षर बरं आहे. वही उघडलीच आहे तर चार ओळी जास्त लिहितो.

घर शिरपामाळाच्या वाटेवर आहे. नवंकोरं, सिमेंटचं. पाहुण्यांना उतरायला खोल्या काढल्या आहेत. आतून मात्र जुनं दिसावं अशी हर्षदाची हौस. दर्शनी खोलीत भिंतभर सागवानी फळ्या ठोकल्या आहेत, अजून रिकाम्या. माझी खोली मागच्या बाजूला. उशाशी तिने मुद्दाम कोनाडा ठेवून घेतला, माझ्या तांब्यासाठी. हा तांब्या मी वडिलांच्या हाताखाली घडवलेला पहिला. मठार, म्हणजे ठोक्यांची नक्षी, वाकडीतिकडी आहे, पण जन्मभर पाणी त्यातलंच प्यालो. पोरीने लक्षात ठेवलं.

बहीण गेली तेव्हा हर्षदा लहान होती. माझ्या दुकानातच वाढली. ऐरणीशेजारी बसून पत्र्याच्या तुकड्यांना भोकं पाडत राहायची. डावखुरी असल्याने तिचा ठोका नेहमी तिरपा पडायचा. किती शिकवलं तरी सरळ झाला नाही.

१४ फेब्रुवारी

गोळी घेतली.

गौतमने पोती उघडली. गौतम हा हर्षदाचा नवरा. गाव साखरशेत, एका सरकारी कचेरीत कारकून आहे. पोत्यांत पितळी हंडे, तांब्याच्या कळश्या, तपेली, लोटे, एक लांब गळ्याचा चंबू. सगळं हिरवं-काळं पडलेलं, पण घडण जुनी, पत्रा जाड. हात फिरवताना बरं वाटलं. कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, सूर्यमाळकडच्या पाड्यांवर लोक आता स्टील घेतात आणि हे टाकून देतात. मी उचलून आणतो.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला भोक आहे. झिजून पडलेलं भोक कडेला असतं, चुलीवर घासून घासून. ही सगळी बरोबर मधोमध, आतून बाहेर ठोकलेली. धातूची पाकळी बाहेर वळलेली आहे. मी तसं म्हणालो. गौतम म्हणाला, अहो मामा, लोक यांच्या कुंड्या करतात. पाणी निथळायला नको का? मला पटलं.

जेवताना आठवलं की एकाही भांड्यात माती नव्हती. हा माझा जुनाच रोग आहे, घास तोंडात असताना असलं काही आठवतं.

२३ फेब्रुवारी

गोळी घेतली.

काम जोरात आहे. चिंच आणि राखेने घासायचं, पाकळी ठोकून बसवायची, आतून पत्र्याचं ठिगळ, ते सांधायला कथलाचा डाग, मग कल्हई. घरामागच्या शेडमध्ये नवसागराचा धूर कोंडला की हर्षदा खोकत दारात येते आणि तरीही उभी राहते. म्हणते, लहानपणचा वास आहे.

फळ्या भरत आल्या. लोट्यांत तिने वाळलं गवत खोवलं आहे. तपेली उलटी टांगून आत दिवे सोडले. दोन मोठे हंडे दारापाशी ठेवून गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि वर पळसाची फुलं सोडली. तिने फोटो काढले. खाली माझं नाव टाकणार आहे. म्हणाली, मामा, तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कोणी केलंच नसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं आहे असं सांगितलं.

स्वयंपाकाला हिरी येते, सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. बोलायला तिखट. मी दाराची कडी लावून वर सुतळीने बांधतो त्यावरून मला चिडवते. म्हणते, बाबा, तुमाला चोर न्यायचा नाय, वजन नाय तुमच्यात. सगळं घर झाडते, पण फळ्यांना फडकं लावत नाही. पाणीही स्वतःच्या बाटलीतलं पिते. मी विचारलं तर भाकरी थापत राहिली.

३ मार्च

गोळी घेतली.

दारातला एक हंडा निम्मा झाला आहे. सकाळी भरला होता, दुपारच्या जेवणानंतर पाहिलं तर फुलं खाली गेलेली. माझा डाग गळतो आहे असं वाटून कानशिलं तापली. एवढ्या वर्षांत माझा डाग गळलेला नाही. मलाच लाज वाटली.

हंडा शेडमध्ये नेला. चाळलेली राख पसरून त्यावर ठेवला, म्हणजे थेंब पडला तरी दिसेल. काठोकाठ भरला आणि समोर बसलो. उन्हं कलेपर्यंत पाणी चार बोटं खाली गेलं. राख कोरडीच होती. ऊन आहे, वाफ होत असेल म्हणावं, तर शेजारची प्लास्टिकची बादली तशीच भरलेली.

गौतमला सांगितलं. म्हणाला, मामा, तुम्ही काळजी करता म्हणून ते आटतं. हसला. मीही हसलो.

९ मार्च

गोळी घेतली. घेतली असं वाटतं. पाकीट मोजून पाहिलं, घेतली आहे.

हंड्यांच्या काठावर ओठांचे ठसे आहेत. मी घासलेलं पितळ आरशासारखं असतं, त्यावर ते स्पष्ट दिसतात. पुसले. दुपारी पुन्हा उमटले. बाहेर ओटीवरच्या धुळीत टाचा रुतल्याच्या खुणा आहेत, उकिडवं बसलं की उमटतात तशा, रांगेत. पण ओटीकडे येणारं पाऊल कुठेच नाही.

हर्षदाची तब्येत बरी नाही. सारखी तहान लागते. गटागटा पिते आणि लगेच पुन्हा मागते. ओठ फुटले आहेत. तिला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर नाही, काही नाही, उन्हाचं असेल. येताना जीपमध्ये तिने माझा हात धरून ठेवला होता. तिचा हात पानासारखा वाळला आहे.

१७ मार्च

हिरी काम सोडून गेली. जाताना शेडमध्ये आली. मला काही सांगायचं नाही म्हणून गौतमने तिला बजावलं होतं, असं तिने आधीच सांगितलं.

तिच्या पाड्यावर माणूस गेला की त्याचं प्यायचं भांडं आतून ठोकून भोक पाडतात आणि ओढ्यापलीकडे ठेवून येतात. ती म्हणाली, फुटकं भांडं बघून त्याला कळतं का इथलं पाणी आता आपलं नाय. मग तो जातो. तुमी ती बुजवलीत बाबा. त्यांना वाटतं, घरी बोलावलंय.

म्हणजे कुंड्या नव्हेत. गौतमने ती ओढ्यापलीकडून उचलली. तो साखरशेतचा, त्याला हे सगळं ठाऊक. हिरी म्हणाली, आधी इथल्या तुका लोहाराकडे नेली होती. तुकाने पोतं उघडून पाहिलं आणि गौतमला पोत्यासकट बाहेर काढलं. दुसऱ्याही कोणी हात लावला नाही. तेव्हा लांबचा माणूस शोधला. मी विचारलं, हर्षदाला माहीत होतं का? हिरी म्हणाली, पोतं ताईनंच धरलं होतं तुकाच्या दारात.

तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कोणी केलंच नसतं.

उपाय विचारला. म्हणाली, भोकं परत पाडा आणि जिथली तिथं ठेवून या, नायतर त्यांना भरणारा द्या, तो मिळाला का बाकीच्यांना सोडतात. एवढ्यात गौतमची जीप आली आणि ती मागच्या वाटेने गेली. म्हणजे पाणी भरायला पाणक्या ठेवायचा असणार.

१८ मार्च

हर्षदाला सगळं सांगितलं. रागावणार होतो, पण तिचे ओठ पाहून रागावता आलं नाही. ती खूप रडली. म्हणाली, मामा, असं होईल हे खरंच वाटलं नव्हतं. घर तुमच्यासाठी पण होतं. मी म्हटलं, आता उगाळू नको, आजच ठोकतो सगळी. ती म्हणाली, तुमचा हात थरथरतो, मी ठोकते, तुम्हीच शिकवलंय. मी तिला भोक पाडायचा माझा टोच्या आणि हातोडी दिली. डोक्यावर हात ठेवला.

गोळी घेतली. बऱ्याच दिवसांनी हलकं वाटतं आहे.

१९ मार्च

भांडी फळ्यांवर तशीच आहेत. सगळी धड. विचारलं तर म्हणाली, दमले होते, आज करते. पण तिचा चेहरा तुकतुकीत दिसतो. भाकरी मागून घेतली. पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठली.

माझा तांब्या कोनाड्यात नाही. म्हणाली, पाहुणे यायचे आहेत, तुमचाही चकचकीत करून ठेवते. किती काळजी पोरीला.

२१ मार्च

तहान. स्टीलच्या पेल्याने पितो, पेला रिकामा होतो, तोंड कोरडंच राहतं. सदरा पोटाशी ओला. खुर्चीखाली ओलं. म्हातारपण म्हणून लाज वाटली, लुगड्याच्या चिंधीने पुसून घेतलं. पुसताना कळलं की पाणी स्वच्छ आहे, थंडगार. जसं प्यालो तसंच —

गौतमला हाक मारली. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

२२ मार्च

तांब्या सापडला. सगळ्यात वरच्या फळीवर, मधोमध. चकचकीत. आत पळसाची डहाळी.

उचलला. बुडाला भोक.

आतून बाहेर ठोकलेलं. पाकळी डावीकडे कललेली, ठोका तिरपा. गौतमचा हात नाही हा. किती शिकवलं होतं —

स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासमोर धरला. हर्षदा, हे काय केलंस, म्हटलं. ती गौतमकडे बघून म्हणाली, आज ऊन फार आहे.

भरणारा. हिरी पाणक्याचं म्हणत नव्हती, ज्याचं भांडं जिवंतपणी ठोकलं त्याचं म्हणत होती.

२३ मार्च

डाग धरत नाही. भाता मारला, तांब्या तापवला, कथील गोळी होऊन ओघळतं. पुन्हा केलं. पुन्हा. जन्मभर जे हाताने —

ठिगळ बसवलं, निखळून पडलं.

रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. नाशिकची गाडी आली, हात केला. ड्रायव्हर सरळ समोर बघत गेला. चालत निघालो तर वळणापलीकडे घशात काटे उभे राहिले, परत फिरलो. परत म्हणजे कुठे. खोलीत माझी खाट नाही. वेताची खुर्ची मांडली आहे, कोनाड्यात दिवा.

२५ मार्च

आता दिसतात. भर दुपारी, ओटीवर. रांगेत उकिडवे. कोणी त्रास देत नाही. नुसते बघतात माझ्याकडे. प्रत्येकापुढे भांडं. माझ्या हातचं.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो. एकाने मान हलवली, समजल्यासारखी.

मार्च

पाहुणे आले. हर्षदा फळ्या दाखवते आहे. छान दिसते, ओठ भरले आहेत. एका बाईंनी माझा तांब्या हातात घेतला. हर्षदा म्हणाली, हा आमच्या मामांचा, त्यांनी घडवलेला पहिला. ही सगळी भांडी त्यांनीच नीट केली. फार जीव होता त्यांचा माझ्यावर.

होता म्हणाली.

मी दारातच उभा आहे. हाक मारली. तिने पाहिलं. नक्की पाहिलं, डोळ्यांत पाहिलं — आणि पडदा ओढून घेतला.

ओटीवरच्या रांगेतल्या एका म्हातारीने हंडा पुढे सरकवला. भरतो म्हटलं. बुड धड आहे, गळायचा नाही. पण आधी एक घोट मला, गोळी घ्यायची आहे, वहीत लिहावं लागतं. ती म्हणाली, भरणारा शेवटी पितो. शेवट कधी, विचारलं. ती म्हणाली —